विश्लेषण : खेळाडू टिकला, क्लब बंद पडले… स्टीव्हन डायसची कारकीर्द जालन्याच्या पालकांना काय सांगते?

वानखेडे स्टेडियमवर १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेसीच्या उपस्थितीत राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पाचा गाजावाजा झाला. १३ वर्षांखालील ६० मुला-मुलींना पाच वर्षे प्रशिक्षण आणि शिष्यवृत्ती, अशी ही योजना. उपक्रम स्वागतार्ह आहे. पण १३ अधिक ५ म्हणजे १८. अठराव्या वर्षानंतर या मुलांनी खेळायचे कुठे? जालना, अंबड किंवा परतूरच्या पालकाने मुलाला फुटबॉलचे बूट घेऊन देण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. त्याचे उत्तर शोधायचे तर मुंबईच्या एका मध्यरक्षकाची कारकीर्द पाहावी लागेल.

स्टीव्हन डायस कोण?

१९८३ मध्ये मुंबईत जन्मलेला डायस हा भारताच्या मधल्या फळीतील एक भरवशाचा खेळाडू. बाजूने धावत जाऊन गोलसमोर चेंडू टाकणे आणि फ्री किक ही त्याची ओळख. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. २००७ आणि २००९ चा नेहरू चषक, २००८ चा एएफसी चॅलेंज चषक भारताने जिंकला, त्या संघांतही तो होता. त्या चॅलेंज चषकामुळे भारताला तब्बल २७ वर्षांनी, २०११ मध्ये, आशियाई चषकात खेळता आले आणि डायस कतारला गेला. देशासाठी एवढे खेळलेल्या माणसाची कारकीर्द सुरक्षित असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

नेमके काय झाले?

२०१० मध्ये महिंद्रा समूहाने आपला व्यावसायिक संघच बंद केला. यापुढे शालेय स्तरावरील फुटबॉलवर भर देऊ, अशी त्यामागची भूमिका होती. डायस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे गेला. पुढे तो पुण्याच्या भारत एफसीकडून खेळला. हा क्लब २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीगमध्ये दिसला. त्यानंतर मुंबई एफसी. हा क्लब २०१७ मध्ये तळाला गेला आणि बंद झाला. म्हणजे महाराष्ट्रातील ज्या तीन क्लबांसाठी तो घाम गाळत होता, त्यांपैकी आज एकही अस्तित्वात नाही. पुणे एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी यांचेही तेच झाले. २०१० ते २०१९ या काळात राज्यातील सहा मोठे संघ संपले. आज देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये महाराष्ट्राचा मुंबई सिटी हा एकच क्लब उरला आहे.

मधल्या फळीला याचा फटका जास्त का?

आघाडीच्या खेळाडूकडे दाखवायला गोलांचा आकडा असतो. गोलरक्षकाची कामगिरीही मोजता येते. मध्यरक्षक सामन्यात १० ते १२ किलोमीटर धावतो, चेंडू हिसकावतो, खेळाचा वेग ठरवतो. पण यातले बरेचसे काम धावफलकावर येत नाही. त्याची किंमत कळते ती दोन-तीन हंगाम एकाच सहकाऱ्यांसोबत खेळल्यावर. कोण कुठे धावणार, हे न पाहता कळू लागते तेव्हाच त्याचे पास लागतात. क्लब बंद झाला की हा सारा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्यात कारकीर्द साधारण पस्तिशीपर्यंतच. अशी दोन-तीन वर्षे वाया गेली तर ती भरून काढायला वेळच नसतो.

क्लब का टिकत नाहीत?

कारण ते प्रेक्षकांच्या नव्हे, मालकांच्या बळावर उभे असतात. तिकिटे आणि प्रक्षेपणातून मिळणारा पैसा खर्चापुढे तोकडा पडतो. मालकाचा रस संपला की संघ संपतो. २०२५ मध्ये तर अख्खी लीगच अडकली. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील कराराचा तिढा न सुटल्याने जुलैमध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही रोखले. वर्षअखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून अंग काढून घेतले.

पूर्वी परिस्थिती वेगळी होती का?

पैसा कमी होता, पण आधार होता. मुंबईत मफतलाल, ओर्के मिल्स, एअर इंडिया असे संस्थांचे संघ होते. संस्थेच्या नोकरीत असलेल्या खेळाडूच्या घरी खेळ संपल्यावरही पगार येत राहायचा. २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत न बसल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले. व्यावसायिकता आली, ती हवीच होती. पण नोकरीच्या जागी दुसरी कोणतीही सोय उभी राहिली नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी ठरावीक स्पर्धांतील कामगिरी लागते. क्लबसाठी खर्ची घातलेल्या वर्षांची भरपाई त्यातून आपोआप होत नाही.

कोल्हापूरला जमते, मग इतरांना का नाही?

पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावे कोल्हापुरात कंपन्यांची नाहीत, पेठा-तालमींची आहेत. म्हणून कोणा उद्योगपतीच्या एका निर्णयाने ती पुसली जात नाहीत. मात्र तिथल्या गुणी मुलालाही पूर्णवेळ खेळून घर चालवायचे तर बाहेर पडावे लागते. तालमीची मुळे आणि कंपनीचा पैसा, दोन्ही एकत्र आल्याशिवाय कारकीर्द घडत नाही.

जालन्याने काय करावे?

डायस पुढे प्रशिक्षक झाला तो जमशेदपूरमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये, मुंबईच्याच मैदानांवर घडलेले माजी मध्यरक्षक खालिद जमील राष्ट्रीय संघाकडे गेले, तेव्हा जमशेदपूर एफसीची जबाबदारी डायसकडे आली. जमशेदपूर हे पोलादाचे शहर. टाटांनी तिथे १९८७ मध्ये निवासी फुटबॉल अकादमी सुरू केली. जालनाही पोलादाचेच शहर आहे. इथली सळई राज्यभर जाते. टाटांएवढा खर्च इथल्या कारखानदारांनी करावा, अशी अपेक्षा कोणी ठेवणार नाही. पण जिल्ह्यातील १८ ते २२ वयोगटातील वीस-पंचवीस खेळाडूंना शिकाऊ कामगार म्हणून घेणे, सकाळ-संध्याकाळ सरावाची मुभा देणे आणि जिल्ह्याचा एक संघ वर्षभर खेळता ठेवणे, हे आवाक्याबाहेरचे नाही. सरकारनेही ‘महादेवा’तील मुलांची अठरानंतरची पाच वर्षे आजच लिहून द्यावीत.

आपल्याकडे शाळेतल्या मुलांसाठी शिबिरे आहेत, वर मोठ्या लीगचा झगमगाट आहे. मधली फळी मात्र रिकामी आहे. ती भरेपर्यंत पालकांनी मुलाला खेळू द्यावे, जरूर द्यावे; पण दहावी-बारावी किंवा आयटीआय सोडायला लावून नव्हे. डायससारख्या गुणी खेळाडूचे तीन क्लब बंद पडले, तर इतरांची काय कथा?