गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी बॉडी बघा, मग ग्राफिक्स कार्ड!

इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा हंगाम आला की कोकणातल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? मुलाला गेम खेळायचे असतात, घरी सांगताना मात्र तो ऑटोकॅड आणि व्हिडिओ एडिटिंगचं नाव पुढे करतो. त्यात खोटं काही नाही, दोन्हीला लागणारं यंत्र एकच असतं. बजेट लाखाच्या आसपास जातं. हा पैसा आंब्याच्या हंगामातला असतो, पतपेढीच्या कर्जाचा असतो किंवा मुंबईच्या काकांनी दिलेला असतो. एवढी रक्कम मोजताना बहुतेक जण बघतात तो स्टिकरवरचा ग्राफिक्स कार्डाचा आकडा. माझं मत उलट आहे. अंजनवेलसारख्या समुद्राकाठच्या गावात राहणाऱ्याने हा आकडा शेवटी बघावा.

नाव एकच, ताकद वेगवेगळी

लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड किती जोरात चालणार, हे त्याच्या नावापेक्षा त्याला मिळणाऱ्या विजेवर ठरतं. या मर्यादेला टीजीपी म्हणतात आणि ती वॅटमध्ये मोजतात. एनव्हिडियाच्या लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०६० या कार्डाची मर्यादा ३५ ते ११५ वॅट अशी आहे. त्यात नेमके किती वॅट द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ बॉडीत ते कमी मिळतात, जाड बॉडीत जास्त. स्टिकर दोन्हीवर सारखाच.

पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांपुढे 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला निदान अंदाज यायचा. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिका आली आणि ही खूण नावातून गेली. टीका झाल्यावर, कंपन्यांनी वॅटचा आकडा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावा, असं ठरलं. पण दुकानातल्या पाटीवर तो आजही क्वचितच दिसतो.

दुसरी गल्लत डेस्कटॉपच्या नावांची. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि ते २०० वॅटपर्यंत वीज घेतं. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये मेमरी ८ जीबीच. नाव तेच, पण माल निराळा.

अंजनवेलकरांना हे नवं नाही

पाटीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष काम यातला फरक या गावाला वेगळा समजावून सांगायला नको. एन्रॉनचा प्रकल्प साऱ्या जगात 'दाभोळ' म्हणून गाजला, पण उभा राहिला खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये तो सावरायला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी निघाली. क्षमता १९६७ मेगावॅट. पण गॅसच मिळेना, म्हणून २०१३ नंतर वीजनिर्मिती थांबली. २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी ती पुन्हा सुरू झाली, ती ५०० मेगावॅटच्या आसपास. यंत्रं तीच होती, इंधन तोकडं होतं.

लॅपटॉपचंही असंच आहे. कार्ड कितीही तगडं असो, त्याला पुरेशी वीज आणि थंडावा मिळाला नाही, तर ते नुसतं पाटीपुरतं उरतं.

बॉडीवर एवढा जोर का?

गेम सुरू झाला की प्रोसेसर आणि कार्ड मिळून दीडशे वॅटच्या वर सहज जातात. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर काढायचं काम बॉडीतले तांब्याचे हीट पाइप, पंखे आणि जाळ्या करतात. चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर अवलंबून असतं. एसी लावलेल्या खोलीत २३ अंशांवर चाचणी घेतलेला लॅपटॉप मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ठेवला, तर चिपही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त तापते. मर्यादा गाठली की ती स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मग गेम अडखळतो आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

म्हणून थोडी जाड बॉडी, मागे आणि बाजूला मोठ्या जाळ्या, खाली हवा घ्यायला उंच पाय, या गोष्टी दिखाऊ नाहीत. रंगीत दिवे मात्र आहेत.

खारी हवा, दमट खोली

पुण्या-मुंबईतल्या रिव्ह्यूत न सापडणारा मुद्दा म्हणजे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि लॅपटॉपचे पंखे दिवसभर तीच हवा आत ओढतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता त्याहून वर असणं नेहमीचंच. म्हणजे आत बसलेलं मीठ ओलंच राहतं आणि तांबं, कनेक्टर, स्क्रू हळूहळू खातं. त्यात जांभ्याची तांबडी धूळ मिसळली की जाळ्यांवर थर बसतो.

यावर उपाय साधे आहेत. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा. आतली ऊब ओल धरू देत नाही. वर्षातून एकदा जाणकाराकडून उघडून साफ करून घ्या. त्यासाठी खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं हवं. हाही बॉडीचाच मुद्दा.

धातू की प्लास्टिक?

धातूची बॉडी दणकट वाटते आणि बिजागरीही त्यात घट्ट बसते. पण घरातलं अर्थिंग नीट नसेल, तर चार्जिंगला लावल्यावर तिला हात लागताच मुंग्या येतात. जुन्या वायरिंगच्या घरात हे होतंच. प्लास्टिक गंजत नाही, मुंग्याही येत नाहीत, मात्र स्वस्त मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमधून उपटून येतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून बघा. कुरकुरलं तर पुढचं बघा. आणि काहीही घेतलं तरी घरातलं अर्थिंग आधी तपासून घ्या.

मग कार्ड कोणतं?

ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपमध्ये सोल्डर केलेलं असतं, ते नंतर बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी बऱ्याच मॉडेलमध्ये वाढवता येतात. म्हणून कार्डाची मेमरी ८ जीबीच्या खाली नको. आरटीएक्स ४०५० मध्ये ती ६ जीबी आहे. नव्या ५०६० आणि ५०७० या दोन्हींमध्ये ८ जीबी, तर ५०७० टीआयमध्ये १२ जीबी. पातळ बॉडीतल्या ५०७० साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा चांगल्या थंडाव्याचा, पुरेशा वॅटचा ५०६० मला जास्त शहाणपणाचा वाटतो. फुल एचडी स्क्रीनवर त्यात बहुतेक गेम नीट चालतात.

दुकानात विचारायचे पाच प्रश्न

१. याच मॉडेल क्रमांकाचा टीजीपी किती वॅट? दुकानातला लॅपटॉप सुरू असेल, तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन'खाली तो दिसतो.
२. अडॅप्टर किती वॅटचा? अडॅप्टर लहान असेल, तर मोठ्या टीजीपीच्या दाव्यावर शंका घ्या.
३. रॅमचे स्लॉट किती, त्यातला रिकामा किती?
४. एमयूएक्स स्विच आहे का? तो असला की कार्ड थेट स्क्रीनला जोडलं जातं आणि गेमचा वेग वाढतो.
५. माझ्या पिनकोडवर घरी येऊन दुरुस्ती मिळते का? उत्तर लेखी घ्या.

हा पाचवा प्रश्न शहरात कोणी विचारत नाही. आपल्याकडे तो पहिला असायला हवा. दुरुस्तीसाठी चिपळूण किंवा थेट मुंबई गाठायची, तर दोन-तीन आठवडे गेले म्हणून समजा. तोवर परीक्षा उरकलेली असते.

पातळ लॅपटॉप वाईटच का?

नाही. वसतिगृहात राहून रोज पाठीवरून कॉलेजला न्यायचा असेल, तर अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा अडॅप्टर जड पडतो. अशाने पातळ घ्यावा, पण तो कमी वेगाने चालणार हे माहीत असताना. वीज गेल्यावर बॅटरीवर गेम खेळू, ही आशा मात्र कुठल्याच लॅपटॉपकडून ठेवू नका. विमान प्रवासाच्या नियमांमुळे बॅटरी १०० वॅट-तासांच्या आतच असते, आणि गेमिंगच्या भाराखाली ती तासभरही टिकणं अवघड.

यूट्यूबवरचे रिव्ह्यू थंड स्टुडिओत होतात, आपला लॅपटॉप खाऱ्या वाऱ्यात चार वर्षं चालायचा आहे. नवीन कार्ड वर्ष-दोन वर्षांत जुनं होणारच. बॉडी टिकली तर कर्जाचे हप्ते संपेपर्यंत यंत्र तरी साथ देईल.