दोन महागाई भत्ते

जानेवारी आणि जुलै हे दोन महिने आपल्या नोकरदार वर्गाला तोंडपाठ असतात. केंद्र सरकारचा महागाई भत्ता किती टक्क्यांनी वाढणार, राज्य सरकार त्याचे अनुकरण केव्हा करणार, फरकाची रक्कम रोखीने हाती पडणार की भविष्य निर्वाह निधीत जमा होणार, याची चर्चा बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेपासून लोणारच्या एखाद्या माध्यमिक शाळेच्या शिक्षक-कक्षापर्यंत सारख्याच बारकाव्याने चालते. त्यात गैर काहीच नाही. आपल्या वेतनाचा हिशेब आपल्याला कळावा, यासाठी या वर्गाने अनेक वर्षे संघटना बांधल्या आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपही करून दाखविला.

परंतु नेमक्या याच दोन महिन्यांत, महागाईच्या निर्देशांकाच्याच आधारे, महाराष्ट्रात आणखी एक महागाई भत्ता बदलत असतो. त्याचे सरकारी नाव ‘विशेष भत्ता’. किमान वेतनाच्या मूळ दरावर तो मिळवावयाचा असतो आणि दर सहामाहीला त्याचे नवे आकडे कामगार खाते जाहीर करते. दुकानातला नोकर, जिनिंगमधला हमाल, पेट्रोल पंपावरचा मुलगा, कंत्राटदाराने पुरविलेला सफाई कामगार आणि संगणकावर बसणारा पदवीधर, या सर्वांच्या पगाराचा कायदेशीर तळ या आकड्यांनी ठरतो. मात्र या दुसऱ्या महागाई भत्त्याची वार्ता चहाच्या टपरीवर कोणी कधी ऐकली आहे काय? वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात, ‘उद्या तुम्ही एखाद्या दुकानात हिशेबनीस म्हणून लागलात तर कायद्याने किती पगार मिळाला पाहिजे?’ असा प्रश्न मी अधूनमधून विचारतो. पहिल्या बाकावरची मुले मागणी-पुरवठ्याचा वक्र काढून दाखवितात. रक्कम कोणीच सांगत नाही.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याची व्यवस्था समजण्यास कठीण नव्हती. अनुसूचीत नोंदलेल्या प्रत्येक उद्योगासाठी सरकारने मूळ दर ठरवावा, फार तर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार करावा, आणि मधल्या काळातील महागाईची भरपाई भत्त्याने करावी, असा तो क्रम. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे कामगारांचे वर्ग आणि मुलखाची परिमंडळे यांची त्यात भर पडते. महानगरपालिकांचा दर सामान्यतः वरचा, नगरपालिकांच्या गावांचा त्याखालचा आणि उरलेल्या मुलखाचा सर्वांत खालचा. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. त्यामुळे खामगावच्या कापड दुकानातील नोकराचा कायदेशीर दर, पन्नासेक किलोमीटरवरील अकोल्यातल्या त्याच्या समव्यवसायी बांधवापेक्षा कमी भरतो. हा फरक न्याय्य की अन्याय्य, हा वेगळा वाद आहे. आपल्याला मिळणारी रक्कम त्या खालच्या दराच्याही खाली आहे की काय, एवढे तरी त्या नोकराला कळावयास नको काय? मालकाला ते कळते. त्याच्यापाशी कर सल्लागार असतो. माहितीची ही विषमता बाजाराला कशी वाकविते, हे अर्थशास्त्राची पुस्तके दहा प्रकारे सांगतात. मलकापूरच्या किंवा नांदुऱ्याच्या बाजारपेठेत ते पुस्तकावाचूनही दिसते.

आता या जुन्या व्यवस्थेची जागा नव्या कायद्याने घेतली आहे. २०१९ साली संसदेने मंजूर केलेली वेतन संहिता, अन्य तीन कामगार संहितांसह, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा हे चारही तिच्यात विलीन झाले. जुन्या अधिसूचना नव्या संहितेशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या पगारात काही फरक पडला नाही. आणि फरक पडला नाही म्हणून कोणी विचारपूसही केली नाही. मूळ पगार तुटपुंजा आणि बाकी सारे भत्ते, या मांडणीला संहितेने ‘वेतना’च्या व्याख्येतच लगाम घातला, त्याची थोडीफार चर्चा झाली, कारण तो विषय भविष्य निर्वाह निधीशी निगडित होता. इतर कलमे मात्र दुर्लक्षित राहिली.

त्यांपैकी माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम मुदतीचे आहे. जुन्या कायद्यानुसार किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाल्याची तक्रार सहा महिन्यांच्या आत करावी लागे. दराची माहितीच वर्षादोन वर्षांनी कोणाकडून तरी कळणाऱ्या माणसाला या सहा महिन्यांचा उपयोग काय होता? हक्क कळेपर्यंत तो बुडालेला असे. नव्या संहितेने ही मुदत तीन वर्षे केली. शिवाय, पैसे चुकते केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. वेतनचिठ्ठी देणे बंधनकारक केले. नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा असे सांगितले. आणि अनुसूचीची अट काढून किमान वेतनाचे तत्त्व सर्वच रोजगारांना लागू केले. कागदावर ही मोठीच प्रगती आहे. दुसऱ्या बाजूस, निरीक्षकाला आता ‘सुविधाकर्ता’ही करण्यात आले असून खटला भरण्यापूर्वी त्याने मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावयाची आहे. म्हणजे तपासणीची धार थोडी बोथट झाली आणि तक्रारीची धार थोडी वाढली. अशा रचनेत कायदा जिवंत राहावयाचा तर तक्रारदाराला तो ठाऊक असल्यावाचून गत्यंतर नाही.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तो आपल्या तालुक्याच्या गावांत सर्रास ऐकू येतो. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून वगळले, आणि २०२५ साली ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. ‘आमच्याकडे चारच माणसे, आम्हाला कायदा लागू नाही,’ हे विधान त्यातून जन्माला आले. ते कामाचे तास, रजा यांच्या बाबतीत बव्हंशी खरे असेल. किमान वेतनाच्या बाबतीत मुळीच खरे नाही. एकच नोकर असला तरी किमान दर चुकत नाही. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा येथील दुकानांत दहा नोकर मोजून सापडणे कठीण, तेव्हा हा गैरसमज किती जणांच्या खिशाशी संबंधित आहे हे सांगावयास नको.

गावाबाहेरच्या मजुराचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे आणि त्याच्याशी शिक्षक-लिपिकांचा संबंध अगदी थेट आहे. आपल्या पगारपत्रकात व्यवसाय कराचे दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे २,५०० होतात. हा कर १९७५ साली लागू झाला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची कल्पना राज्यभर राबविली गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. नोकरदाराने कर द्यावा, सरकारने तितकीच भर घालावी आणि खेड्यातील धडधाकट माणसाने काम मागितले तर ते द्यावे, असा तो करार होता. १९८८ मध्ये या कामावरील मजुरी शेतीच्या किमान वेतनाच्या बरोबरीने, जवळजवळ दुपटीने वाढली. परंतु त्यानंतर कामे मागणीपुरती निघेनाशी झाली, असे रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवून दिले. दर वाढला आणि हमी आखडली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने मजुरीचा दर किमान वेतन कायद्यापासून वेगळा ठरविण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला. महाराष्ट्राचा हा दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी आणलेल्या नव्या कायद्यात शंभराऐवजी सव्वाशे दिवसांची हमी आहे. पण खर्चाचा ४० टक्के भार राज्यावर आहे आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा आहे. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या डोंगरकाठच्या मजुराला यांतले काय ठाऊक आहे? २००५ च्या कायद्याखाली पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देय होता; पण तो मागण्यासाठी अर्जाची तारीख घातलेली पावती हातात असावी लागे. ती मागावयाची असते हेच अनेकांना कोणी सांगितले नाही.

हे सांगण्याचे काम प्रथमतः सरकारचे आहे. राजपत्रात छापले की जनतेला कळले, हे कायद्याचे गृहीतक आहे, वस्तुस्थिती नव्हे. प्रत्येक सहामाहीचा दर सोप्या मराठीत, परिमंडळ आणि कामगारांचा वर्ग स्पष्ट लिहून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, बसस्थानकावर आणि बाजार समितीच्या दारावर लावण्यास फारसा खर्च येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला तेव्हा सुशिक्षित तरुणांनी त्याचा शब्द न् शब्द वाचला, राज्यभर निदर्शने केली आणि दीड-दोन महिन्यांत तो रद्द झाला. वाचणाऱ्या वर्गाने वाचले की काय घडते, याचे याहून ताजे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आणि वाचणारा वर्ग केवळ विद्यार्थ्यांचा नाही. आपल्या कार्यालयांत, महाविद्यालयांत, रुग्णालयांत झाडलोट, पहारा आणि संगणकावरची कामे आता बव्हंशी कंत्राटदाराची माणसे करतात. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते देण्याची जबाबदारी ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितांतही आहे. त्या कंत्राटदाराचे मासिक बिल तपासून पुढे पाठविणारा माणूस लिपिकच असतो. बिलासोबत हजेरीपट असतो, भविष्य निर्वाह निधीचे चलन असते, कराची पावती असते. त्या सहामाहीचा विशेष भत्ता किती, हे सांगणारा कागद मात्र फाइलीत सहसा नसतो आणि तो नसल्याबद्दल बिल कधी परतही जात नाही.