हंसराज कोणत्या भिंतीवरचा?

पावसाळा लागला की ठाणे जिल्ह्यात जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत आणि सावलीतल्या ओल्या भिंतींवर हंसराज फुटतो. काळा तुळतुळीत देठ, दोन्ही अंगांना अर्धगोल पर्णिका आणि टोकाला शेपटीसारखा लांबलेला दांडा. हा दांडा मातीला टेकला की तिथेच नवे रोप धरतो. चरकांनी कंठ्य गणात आणि सुश्रुतांनी विदारिगंधादी गणात घेतलेली हंसपादी म्हणून आपण वैद्य हेच नेचे वापरतो. ते गुरू आणि शीत. रक्तविकार, विसर्प, दाह, व्रण यांत त्याची योजना होते.

बाजारात मात्र याच नावाने युनानीतले परसियावशानही हाती पडते. कुळ एकच, पण त्याचे पान दोन-तीनदा विभागलेले आणि पर्णिका पंख्यासारख्या. जुडीचा चुरा झाला की हा फरक कळत नाही. म्हणून अखंड पानांचाच माल मागावा.

ओळख पटली तरी दुसरा प्रश्न उरतोच, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. दुर्गाडी किल्ल्यासमोर, उल्हास खाडीपलीकडचे कोन घ्या. अशा गावातल्या जुन्या विहिरीवरचा हंसराज दिसायला उत्तमच असेल. पण हा भिवंडीचा पट्टा आहे: यंत्रमाग, सायझिंग, रंगाई, गोदामे आणि दिवसरात्र धावणारे ट्रक. नेच्यांपैकी काही जाती मातीतले विष ओढून साठवतात. जुन्या भिंतींवरच वाढणारे टेरिस व्हिटाटा आर्सेनिक पानांत साठवते, हे २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवले. हंसराजही तसाच वागतो असे मी म्हणत नाही. पण नाल्याकाठचे किंवा हमरस्त्यालगतचे पंचांग तपासणीशिवाय काढ्यात घालणे मला मान्य नाही. वनौषधींसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम आणि आर्सेनिकची ३ पीपीएम आहे. पुरवठादाराकडे तसा अहवाल मागा, आणि माल कुठून काढला तेही लिहून घ्या.

त्याहून सोपा उपाय म्हणजे हंसराज स्वतः लावणे. टोकाला धरलेली रोपे सावलीतल्या कुंडीत, पानकुजीच्या भुसभुशीत मातीत लावा आणि ओल टिकवा. पावसाळा सरल्यावर पाने वाळली तरी कुंडी रिकामी करू नका. कंद जिवंत असतो. पंचांग हवे असेल तेव्हाही निम्मी रोपे मातीतच राहू द्या.