वहिनींचा सल्ला : तांबूस आभाळाचं चित्र

एका भगिनीचं पत्र आलंय. "आजेसासऱ्यांनी लिलावात घेतलेलं वाळवंटाचं एक जुनं चित्र आमच्याकडे आहे, जलरंगातलं. उंट, वाळू आणि संध्याकाळचं तांबूस आभाळ. मागे पेन्सिलीनं 'सुएझ, १८५१' एवढंच; चित्रकाराचं नाव नाही. चौकट मात्र शिसवी. हे म्हणतात, बिननावाचं चित्र काय ठेवायचं? त्यात मुलाच्या लग्नाचा फोटो बसवू. माझ्या जिवावर येतंय. काय करू?"

बाई, घाई करू नका. कैरो-सुएझ रेल्वे १८५८ मध्ये पूर्ण झाली, कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी विलायतेहून मुंबईला येणारी मंडळी मधलं सुमारे ८४ मैलांचं वाळवंट घोडागाड्यांतून ओलांडून सुएझला आगबोट धरत. साहेबलोकांत तेव्हा लष्करी अधिकारी जलरंग शिकत, घरच्या मुलीही शिकत. प्रवासात चित्र काढायचं नि वहीत ठेवायचं, सही कशाला? आपण तरी भरतकामाच्या रुमालावर नाव कुठे घालतो? म्हणून ते कुणाच्या हातचं नसतं का?

आणि ते आभाळ संध्याकाळचंच असेल असं नाही हं! करडं-निळं आभाळ रंगवताना त्या काळी पुष्कळदा नीळ आणि तांबडा मातीरंग मिसळत. उजेडानं नीळ उडते, तांबडा मागे राहतो. उजेडानं जलरंग उडतात, हे रसेल आणि ॲब्नी यांनी इंग्लंडात प्रयोग करून १८८८ च्या अहवालात मांडलं. चौकट उघडाल तेव्हा पुठ्ठ्याखाली झाकलेली कड पाहा. तिथे निळी पट्टी दिसली, तर तेच मूळचं आभाळ.

एवढं सांभाळा :

१. ओलं फडकं लावू नका. हे रंग डिंकात कालवलेले असतात, पाण्यानं सुटतात.

२. चिकटपट्टी, खळ काही लावू नका. मागचा जुना पुठ्ठा कागद पिवळा करतो. फ्रेमवाल्याकडून आम्लरहित पुठ्ठा घालून घ्या.

३. काच कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यात बुरशी धरते.

४. उन्हाच्या किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. उडालेला रंग परत येत नाही.

५. मागची पेन्सिलीची अक्षरं खोडू नका. चित्राची ओळख तेवढीच आहे.

शिसवी चौकट फोटोला हवीच असेल तर खुशाल द्या, चित्राला साधी करा. चित्र मात्र रद्दीत जाऊ देऊ नका. आणि कड निळी निघाली का, तेवढं जरूर कळवा!