‘गुडविल’ नको, हक्काचे पैसे द्या!



माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी टूरिस्ट परमिटची नवीकोरी गाडी घेतली. आमच्या अख्ख्या खानदानातली पहिली चारचाकी. ऑन रोड ९ लाख, त्यातले ८ लाख कर्ज. पेढे वाटले, पुतळ्यासमोर गाडी उभी करून फोटो काढले. दुसऱ्याच आठवड्यात, ९०० किलोमीटर झाले असताना, घाट चढताना इंजिनची ताकद गेली. मागे ट्रक, आत प्रवासी, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. त्यानंतर ५ महिन्यांत ७ वेळा वर्कशॉप आणि मिळून ४१ दिवस गाडी तिथेच. कधी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलंय’, कधी ‘पेट्रोल भेसळीचं असेल’, शेवटी ‘तुमची चालवायची पद्धतच चुकीची आहे’. बँकेचा हप्ता मात्र एकदाही थांबला नाही.

वकिलाची नोटीस गेल्यावर कंपनी नरमली. ‘सद्भावना म्हणून’ गाडी परत घ्यायला तयार झाली. किंमत ६ लाख ४० हजार, कारण गाडी आता ‘वापरलेली’. रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे नाहीत. कर्जाची बाकी होती ७ लाख ६० हजार. म्हणजे गाडी जाणार आणि वर १ लाख २० हजारांचं कर्ज डोक्यावर राहणार. शिवाय एका कागदावर सही करायची: पुढे तक्रार करणार नाही, कुठे काही बोलणार नाही.

“दादा, करून टाकू का सही? निदान कटकट तरी जाईल,” त्याने मला विचारलं.

मी नाही म्हणालो. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

पहिली गोष्ट, याला बायबॅक म्हणत नाहीत. ही जुन्या गाडीची स्वस्तात खरेदी आहे. खरा बायबॅक कसा असतो ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात बघा. तिथे १९७० पासून साँग-बेव्हर्ली नावाचा कायदा आहे. वाजवी संधी देऊनही कंपनीला गाडी दुरुस्त करता आली नाही, तर गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. पैसेच हवेत असं म्हणण्याचा हक्क ग्राहकाचा. कर आणि नोंदणीचा खर्चही त्यात धरायचा. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८ हजार मैलांत जिवावर बेतणाऱ्या दोषाची दुरुस्ती २ वेळा फसली, इतर एकाच दोषाची ४ वेळा फसली, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून अधिक वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीला पुरेशी संधी मिळाली असं कायदा गृहीत धरतो. छोट्या धंद्यासाठी घेतलेली गाडीही, नावावर पाचपेक्षा जास्त गाड्या नसतील तर, त्यात येते.

वापराची वजावट तिथेही आहे. पण ती फक्त पहिल्यांदा दुरुस्तीला नेईपर्यंत झालेल्या मैलांची. ते मैल १ लाख २० हजारांनी भागायचे आणि किमतीने गुणायचे. हाच हिशेब माझ्या भावाला लावला तर वजावट निघते सुमारे ४ हजार रुपये. आमच्या कंपनीने कापले २ लाख ६० हजार. एवढ्या रकमेचं नाव ‘सद्भावना’!

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. कॅलिफोर्नियात परत घेतलेली गाडी पुन्हा विकायची तर तिच्या मालकीपत्रावर ‘लेमन लॉ बायबॅक’ असा शिक्का मारावा लागतो. आपल्याकडे आरसीवर अशी खूण करण्याचा कायदा नाही. मग भाऊ गप्प बसला तर ती गाडी जाईल कुठे? पॉलिश होऊन सेकंडहँडच्या बाजारात. आणि नवी गाडी परवडत नाही म्हणून सेकंडहँड घेणारा कोण असतो? आपल्याच वस्तीतला, कर्ज काढूनच पोट भरायला निघालेला दुसरा कुणीतरी. म्हणजे आपली कटकट जाते ती दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात. म्हणून त्या कागदावरची सही ही त्याची एकट्याची खासगी बाब नाही.

आपल्यातलेच काही म्हणतील, हा गाडीवाल्यांचा प्रश्न, चळवळीचा याच्याशी काय संबंध? कर्जावर घेतलेली गाडी ही चैन नाही, तो रोजगार आहे. आणि कंपनीच्या वकिलाचा पहिला वार नेमका इथेच असतो: ‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही.’ हे ऐकून कितीतरी पोरं परत फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) उघडा. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही, असं स्पष्टीकरण तिथेच छापलेलं आहे. स्वतः स्टिअरिंगवर बसून घर चालवणारा माणूस ग्राहकच आहे. हे वाक्य पाठ करा.

काही जण म्हणतात, आपल्या साहेबांचा एक फोन गेला की शोरूमवाला सुतासारखा सरळ येतो. येईलही. पण ती साहेबांची मेहेरबानी झाली आणि तिची किंमत निवडणुकीत वसूल होणार. बाबासाहेब महाडला पाण्यासाठी मेहेरबानी मागायला गेले नव्हते. काही जण गाडीला गाढवं जुंपून, बँड लावून शोरूमसमोर वरात काढतात. व्हिडिओ व्हायरल होतो, लोक हसतात. पण आयोगापुढे गाढव साक्ष देत नाही. साक्ष देतं ते जॉबकार्ड.

म्हणून शिका. जॉबकार्डवर अॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ लिहितो, तिथेच आपण अर्धी केस हरतो. ‘चढावर ताकद जाते’ हे आपले शब्द, किलोमीटर, गाडी दिल्याची आणि मिळाल्याची तारीख लिहून घ्या. ‘समाधानी आहे’ या रकान्यात न वाचता सही करू नका. प्रत्येक तक्रार ईमेलनेही पाठवा. हे का, तर २००६ साली मारुतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. आणि २०१० साली फियाटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने नवं इंजिन बसवलेली गाडी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासायला लावली आणि दोष उरलाच तर पैसे परत, असा मार्ग काढला. म्हणजे दुरुस्ती करूनही दोष गेला नाही, हे आपल्यालाच कागदावर दाखवावं लागतं.

५० लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात होते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी फक्त २०० रुपये. मुदत २ वर्षांची. आयोग दोष काढायला, वस्तू बदलायला किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. कंपनीला अपिलात जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. कायदा म्हणतो, तपासणीची गरज असेल तर ५ महिन्यांत निकाल द्या. प्रत्यक्षात वर्षं जातात, हेही खरं. कंपनी याच उशिरावर जगते.

आणि संघटित व्हा, कारण इथे कायदाच ते मागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. एखाद्या प्रकारच्या गाडीतला दोष चालक, प्रवासी किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोकादायक असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तो कळवला, तर केंद्र सरकार ती गाडी परत मागवायचा आदेश देऊ शकतं. मग कंपनीने पूर्ण किंमत द्यायची, किंवा गाडी बदलून वा दुरुस्त करून द्यायची. पूर्ण किंमत! पण एकट्याच्या तक्रारीने तो आकडा भरत नाही. गप्प राहण्याची सही कंपनीला हवी असते ती याचसाठी. प्रत्येक गप्प बसलेला मालक म्हणजे त्या आकड्यातला एक कमी.

म्हणून आपली मागणी स्वच्छ असली पाहिजे. किती वेळा दुरुस्ती फसली की पैसे परत, हे कायद्यात आकड्यांनी लिहा. मग दोष नव्हता हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाका. परत घेतलेल्या गाडीच्या आरसीवर शिक्का मारा. आणि ग्राहकाचं तोंड बंद करणारी अट बेकायदा ठरवा.

भावाने सही केली नाही. जिल्हा आयोगात दोन तारखा झाल्या आहेत. तो सध्या दुसऱ्याची गाडी चालवून स्वतःच्या गाडीचे हप्ते भरतो आहे. रात्री घरी आला की फोनवर त्याच मॉडेलचे मालक शोधतो. आतापर्यंत ११ सापडले. त्यातल्या दोघांनी सही केलेली आहे, ते बोलत नाहीत. उरलेल्या नऊ जणांना आम्ही तक्रार लिहायला शिकवतो आहोत.

तुमच्या वस्तीत अशी गाडी उभी असेल तर तिच्या मालकाकडे आज संध्याकाळी जा. आधी जॉबकार्डं मागा.

जयभीम!