चिठ्ठी नको, तपासणी हवी

गरोदर बाईचे रक्त एचआयव्ही आणि गरमीसाठी तपासतात, मग जननेंद्रियाच्या हर्पिससाठी सगळ्याच बायकांचे का तपासू नये? प्रश्न तळमळीचा आहे. तरीही ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या बायकांसाठी त्याचे उत्तर 'नको' असेच आहे.

आजार किरकोळ म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८५ कोटी लोकांना ही बाधा होती. हर्पिसचा टाइप २ विषाणू पुरुषाकडून बाईकडे अधिक सहज जातो, आणि तो असला की एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. पण रक्ताची चाचणी एवढेच सांगते की विषाणू कधीतरी अंगात शिरला. कधी आणि कोणाकडून, ते सांगत नाही. बाधा नसतानाही ती पुष्कळदा 'पॉझिटिव्ह' येते. लक्षणे नसलेल्यांची अशी चाचणी करू नये, असे अमेरिकेतल्या तज्ज्ञगटानेही २०२३ साली पुन्हा बजावले. डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या पाड्यावर त्या चाचणीच्या निकालाची चिठ्ठी पोचली, तर 'कुठून आणलंस?' हे बाईलाच विचारले जाईल. नवऱ्याचे रक्त कोणी मागणार नाही.

बाईला हवी आहे ती अंगाची तपासणी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले: ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. अंगावरून पांढरे जाते, लघवीला आग होते, हे बाईने सहन करायचेच असते असे घरी शिकवलेले. २०१९-२१ मध्येही गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झालेल्या बायका देशात शंभरात दोनही नव्हत्या, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसले.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी बाई डॉक्टर, पडदा आणि चांगला उजेड असावा. वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात. म्हणून लावणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंत हे दिवस वाढवावेत. त्याच वेळी गर्भाशयमुखही तपासावे. हर्पिसचे फोड दिसले तर राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवून दिलेले असायक्लोविरचे लाल किट तिथेच हातात पडावे. विषाणू त्याने जात नाही, पण फोड आणि वेदना लवकर आटोक्यात येतात. कळा सुरू झालेल्या बाईला फोडांबद्दल विचारावे, नीट पाहावे. आईला पहिलीच बाधा शेवटच्या महिन्यांत झाली असेल तर बाळाच्या जिवाला धोका सर्वांत जास्त असतो, आणि अशा वेळी सिझेरियनसाठी वेळेत पाठवणे हाती असते. नवऱ्यालाही बोलवावे, त्याच दिवशी, त्याच केंद्रात.