दोर कापू नका

धाकट्या बहिणीकडे गेलो तर दाराआडच्या खुंटीला एक साखळीवजा वस्तू लटकत होती. एका टोकाला पट्टा, मधे प्लॅस्टिक चढवलेली मीटरभर तार, दुसऱ्या टोकाला कडी. मी आपलं सहज विचारलं, "कुत्रा पाळलास वाटतं?"

"कुत्रा कसला! तुझ्या भाच्याचं आहे ते."

भाच्याला हल्ली फ्रीडायव्हिंगचं वेड लागलंय. म्हणजे पाठीवर हवेची टाकी न घेता, एका श्वासात समुद्रात जमेल तेवढं खोल जायचं आणि (ही माझी भर) जमल्यास परत यायचं. इजिप्तमध्ये दहाब म्हणून गाव आहे, तिथे जाऊन तो हे शिकून आला. पाण्यात एक वजनदार दोर सोडतात, त्याच्या तळाशी थाळी असते. आपण पट्टा मनगटाला किंवा कमरेला बांधायचा, कडी दोरात अडकवायची आणि सूर मारायचा. कडी दोरावरून घसरत आपल्याबरोबर येते. या पट्ट्याला लॅनयार्ड म्हणतात.

"मग तो खुंटीला कशाला?"

"मामा, स्पर्धेत सक्ती असते म्हणून लावायचा. एरवी मजेत उतरताना कोण लावतो? फ्री डायव्हिंग आहे ते. फ्री!"

इथे माझं डोकं फिरलं. अरे, ते 'फ्री' टाकीपासून मोकळं म्हणून. दोरापासून कोणी सांगितलं? मी विहिरीत पोहायला शिकलो तो पाठीला सुका भोपळा आणि कमरेला चऱ्हाट बांधून. चऱ्हाटाचं दुसरं टोक काठावर काकांच्या हातात. माझ्या स्वातंत्र्यावर घाला पडतोय असं मला एकदाही वाटलं नाही. काकांनी तपकीर ओढायला हात सैल सोडला, तेव्हा मात्र मी जी बोंब ठोकली ती शेजारच्या मळ्यात ऐकू गेली.

"तू शिकाऊ होतास," भाचा म्हणाला.

बरं, शिकाऊंचं सोडा. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांचं घ्या. 2009 साली स्वतःच्या बळावर शंभर मीटरची हद्द ओलांडणारी ही पहिली बाई. 2013 साली पाण्यात निश्चल पडून 9 मिनिटं 2 सेकंद श्वास रोखून दाखवला. (मी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून पाहिलं, एकोणीसाव्या सेकंदाला बायकोने दार ठोठावलं.) 2 ऑगस्ट 2015 रोजी स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ एका शिकवणीच्या वेळी त्या तीसचाळीस मीटरची, म्हणजे त्यांच्या हिशेबी परसदारी जाण्याइतकी किरकोळ, बुडी मारायला उतरल्या. दोर नव्हता, लॅनयार्ड नव्हता. त्या वर आल्या नाहीत. त्यांचा देहसुद्धा सापडला नाही. स्पर्धेच्या दिवशी सगळेच शहाणे असतात हो. माणूस जातो तो मजेच्या दिवशी.

यामागचं गणितही साधं आहे. पंधरावीस मीटरच्या खाली पाण्याच्या दाबाने फुप्फुसं इतकी आक्रसतात की माणूस काही न करता धोंड्यासारखा खाली जाऊ लागतो. तिथे शुद्ध हरपली तर तो तरंगत नाही, तळ गाठतो. स्पर्धेतले राखणदार पाणबुडे त्याला भेटायला येतात ते साधारण तीस मीटरपर्यंत. शंभरावर कोण जाणार? तिथे कप्पी कामाला येते. दोराच्या दुसऱ्या बाजूचं भलंमोठं वजन सोडून देतात. ते खाली जातं तसा इकडचा दोर थाळीसकट सरसर वर येतो. थाळीला कडी अडते आणि कडीबरोबर माणूस. विहिरीवरच्या कोणत्याही कळशीला हे समजतं. फक्त कळशीला दोर बांधलेला हवा!

दोर म्हणजे अमृत नव्हे, हेही कबूल. 2013 साली बहामात निकोलस मेवोली 72 मीटरवरून स्वतःच्या बळावर वर आला आणि वर आल्यावर कोसळला तो गेलाच. त्याच्या फुप्फुसांना दोर काय करणार? कडी दोरात अडकून बसते, ही तक्रारही खरी; म्हणून तर पट्टा एका झटक्यात सुटेल असाच लागतो. पण "अडकते म्हणून लावत नाही" हे ऐकलं की मला हेल्मेटने केस गळतात म्हणणारे आमचे पुणेकर आठवतात.

मुळात आपल्याला कौतुक दोर कापणाऱ्या सूर्याजीचं. पण त्याने दोर कापले ते सिंहगडावर, पायाखाली जमीन असताना. पाण्यात त्यानेही दोन गाठी जास्तच मारल्या असत्या.

हे सगळं मी भाच्याला तासभर ऐकवलं. त्याने ते विम्याच्या एजंटचं ऐकावं तसं ऐकून घेतलं आणि बॅग भरायला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाबला निघायचं होतं.

बहीण इतका वेळ गप्प होती. ती उठली, खुंटीवरचा पट्टा काढला, बेसनाच्या लाडवांच्या डब्याला दोन वेढे देऊन कडी अडकवली आणि डबा त्याच्या बॅगेत ठेवला.

"स्टीलचा आहे," ती म्हणाली. "परत आणायचा."